डब्यात काय आहे, हे खेळाडूने का सिद्ध करावं?

२००८ च्या जुलैमध्ये अमेरिकेची जलतरणपटू जेसिका हार्डी बीजिंग ऑलिंपिकच्या संघात निवडली गेली आणि त्याच निवड चाचणीच्या वेळी घेतलेल्या नमुन्यात क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं. तिला संघ सोडावा लागला. आपण घेत असलेल्या सप्लिमेंटमध्येच, म्हणजे पूरक आहाराच्या डब्यातच, ते मिसळलेलं होतं, असं तिने पुढे लवादासमोर मांडलं. लवादाला ते पटलं आणि दोन वर्षांची बंदी एका वर्षावर आली. तोवर बीजिंगची ज्योत केव्हाच विझली होती.

तीन वर्षांनी ब्राझीलच्या सेझार सिएलोवर तीच वेळ आली. ५० मीटर फ्रीस्टाइलचा हा ऑलिंपिक विजेता. त्याच्या नमुन्यात फ्युरोसेमाइड निघालं. ते लघवीचं प्रमाण वाढवतं, म्हणून इतर औषधं लपवायला वापरलं जातं. तो घेत होता कॅफीनच्या गोळ्या, त्याही औषधांच्या दुकानातून मुद्दाम बनवून घेतलेल्या. बनवताना भेसळ झाली, हे मान्य झालं. त्याला फक्त ताकीद मिळाली आणि काही दिवसांनी शांघायच्या जागतिक स्पर्धेत त्याने दोन सुवर्णपदकं घेतली.

एकीचं ऑलिंपिक गेलं, दुसऱ्याचं ताकिदीवर निभावलं. या दोन प्रकरणांत मला खुपतं ते हे अंतर नव्हे. दोन्हीकडे सिद्ध करायचं काम खेळाडूचंच होतं. डबा कुठून आला, कोणत्या बॅचचा, त्यात काय निघालं, हे शोधायचं त्याने, वकील उभा करायचा त्याने, प्रयोगशाळेचा खर्चही त्याचाच. 'वाडा'चा, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचा, नियम स्पष्ट आहे: शरीरात जे सापडलं त्याला खेळाडू जबाबदार, ते कसं आलं हा पुढचा प्रश्न. नियम कडक आहे आणि तो तसाच असायला हवा, नाहीतर प्रत्येक जण 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटेल. पण हीच कडक शिस्त डबा विकणाऱ्याला का लागू होत नाही, हा माझा प्रश्न आहे.

आधी एक सांगते, म्हणजे गैरसमज नको. मी 'सगळी पावडर म्हणजे थोतांड' म्हणणाऱ्यांतली नाही. मी क्लबच्या पातळीवर ८०० आणि १५०० मीटर धावायचे आणि त्या काळात बरंच काही पोटात ढकललं आहे. काही गोष्टी खरंच काम करतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१८ मध्ये जे एकत्रित निवेदन काढलं, त्यात कामगिरीवर थेट परिणाम करणाऱ्या आणि बऱ्यापैकी पुरावा असलेल्या गोष्टी मोजून पाच निघाल्या: कॅफीन, क्रिएटिन, नायट्रेट, बीटा-ॲलानिन आणि खाण्याचा सोडा.

क्रिएटिनचंच घ्या. शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये ते मांसातून वेगळं काढलं. पण ते तोंडावाटे घेतलं तर स्नायूंतला साठा वाढतो, हे रॉजर हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं १९९२ मध्ये. पहिल्या काही सेकंदांच्या जोरात स्नायूंना जी ऊर्जा लागते, ती पुन्हा भरून काढायला ते मदत करतं. त्यामुळे लहान लहान स्प्रिंट पुन्हा पुन्हा मारणाऱ्याला आणि वजन उचलणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. रोज तीन ते पाच ग्रॅम पुरतं. सुरुवातीला किलो-दीड किलो वजन वाढतं, ते बहुतेक पाणी असतं. रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वर दिसतं आणि तुम्ही काय घेताय हे डॉक्टरांना सांगितलं नसेल, तर उगाच मूत्रपिंडाची काळजी सुरू होते. साधा, स्वस्तात बनणारा, दशकानुदशकं तपासला गेलेला पदार्थ. त्याच्या नव्या नव्या महागड्या अवतारांनी साध्या क्रिएटिन मोनोहायड्रेटला मागे टाकल्याचा भक्कम पुरावा नाही.

कॅफीनचा इतिहास तर गमतीचा आहे. २००४ पर्यंत ते ठरावीक मर्यादेपलीकडे लघवीत सापडलं, तर खेळाडू दोषी ठरायचा. १ जानेवारी २००४ ला ते यादीतून निघालं, आता फक्त त्यावर लक्ष ठेवलं जातं. वजनाच्या दर किलोला तीन ते सहा मिलिग्रॅम, साधारण तासभर आधी. एवढं बहुतेकांना पुरतं, कित्येकांना त्याहून कमीही चालतं.

सोड्याबद्दल मात्र स्वानुभव आहे. दर किलोला ०.३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला अठरा ग्रॅम. चार चमचे. एक ते सात मिनिटं जीव तोडून पळायचं असेल, तर स्नायूंत साठणारी आम्लता झेलायला त्याची मदत होते. मी एकदा ८०० मीटरच्या आधी घेतला. शर्यत संपायला अडीच मिनिटं लागली. नंतरचा तास मी कुठे काढला, हे लिहिण्यासारखं नाही.

आणि बीटा-ॲलानिन. पहिल्यांदा घेतलं तेव्हा पंधरा-वीस मिनिटांत गालांना, कानांच्या पाळ्यांना, हाताच्या पाठीला मुंग्या आल्या. सोबतची म्हणाली, "बघ, लागू पडलं!" मलाही तसंच वाटलं. प्रत्यक्षात त्या मुंग्यांचा कामगिरीशी काही संबंध नाही. त्वचेतल्या मज्जातंतूंची ती खोडी आहे. बीटा-ॲलानिनचा खरा उपयोग स्नायूंत कार्नोसिन हा आम्लता झेलणारा पदार्थ साठल्यावर होतो आणि त्यासाठी रोज घेऊन चार आठवडे तरी जावे लागतात. शर्यतीआधी एक स्कूप मारून काही होत नाही. तरीही प्री-वर्कआउटच्या, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरींच्या, डब्यांत ते सर्रास असतं. मला वाटतं, याचं एक कारण त्या मुंग्याच असाव्यात. गिऱ्हाइकाला काहीतरी 'जाणवलं' पाहिजे ना.

या पाच गोष्टींचा फायदाही एखाद-दोन टक्क्यांच्या घरातला, तोही सगळ्यांना सारखा नाही. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत एक टक्का म्हणजे पदक असतं, हे खरं. पण आठवड्याला तीन दिवस धावणाऱ्या माणसाने हा हिशेब स्वतःला लावणं म्हणजे घराला पाया नसताना गच्चीच्या कठड्याला रंग देण्यासारखं आहे. त्याचे दहा टक्के झोपेत आणि नियमित सरावात पडलेले असतात.

खरी अडचण यापुढे सुरू होते. या पाचांच्या पुण्याईवर बाकीचे पाचशे डबे विकले जातात. 'संशोधनाने सिद्ध' हे शब्द क्रिएटिनने कमावले आणि ते छापले जातात शेजारच्या भलत्याच डब्यावर. याचं सर्वांत मोठं कुरण म्हणजे 'रिकव्हरी'.

वेग घड्याळात मोजता येतो, वजन बारवर मोजता येतं. रिकव्हरी कशात मोजायची? कठीण सरावानंतर अंग सर्वांत जास्त ठणकतं ते एक ते तीन दिवसांत आणि मग आपोआप ओसरतं. जे आपोआप ओसरणारच आहे, त्यावर कसलीही पावडर घ्या, गुण येतोच. सर्दीच्या औषधांचा धंदा असाच चालतो. शिवाय ठणका कमी झाला म्हणजे शरीर सावरलं असंही नाही. ठणका आणि सावरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्याहून पुढची गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. २००९ मध्ये जर्मन संशोधकांनी तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना रोज एक हजार मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि जोडीला ई जीवनसत्त्व दिलं, निम्म्यांना काही नाही. व्यायामाने शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो. तो सुधारला जीवनसत्त्वं न घेणाऱ्यांचा. घेणाऱ्यांच्या बाबतीत ती सुधारणा जवळजवळ पुसली गेली. व्यायामाने शरीरावर जो ताण येतो, जी रासायनिक धग लागते, तीच शरीराला बदलायचा निरोप देते. आपण ती धग विझवायला धावतो आणि निरोप वाटेतच अडतो. म्हणजे 'रिकव्हरी' म्हणून घेतलेली गोळी सरावाचाच काही भाग गिळून टाकू शकते. हे डब्यावर छापलेलं मी तरी कधी पाहिलं नाही.

बीसीएए या नावाने विकल्या जाणाऱ्या अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या विटांची, तऱ्हा वेगळी. शरीराला बाहेरून लागणाऱ्या नऊ अमिनो आम्लांपैकी ही तीन. स्नायू बांधायला नऊच्या नऊ लागतात. तीनच दिली, तर बाकीची सहा शरीर कुठून आणणार? ज्याच्या जेवणात पुरेशी प्रथिनं आहेत, त्याच्या ताटात ही तीन आधीच आहेत. किती प्रथिनं पुरेशी, याचंही उत्तर बऱ्यापैकी हाती आहे. २०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा वजनाचा व्यायाम करणाऱ्यांत दर किलोला रोज सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंच्या वाढीत सरासरीने भर पडताना दिसली नाही. जेवणातून एवढं होत नसेल, तर प्रोटीन पावडर हा सोयीचा पदार्थ आहे. सोयीचा, जादूचा नव्हे.

आणि एक बारीकशी गोष्ट, जिच्यावर मी पूर्वी बरीच हसले आहे. संध्याकाळी सातला प्री-वर्कआउट, त्यात दोन-तीन कप कॉफीइतकं कॅफीन. ते निम्म्यावर यायलाच पाचेक तास लागतात. मग रात्री साडेअकराला झोप येत नाही म्हणून दुसरा डबा, त्यावर चंद्राचं चित्र. दोन्ही एकाच कंपनीचे.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं: 'वाटतं ना बरं? मग घेऊ द्या की.' हे उत्तर मी सहज उडवून लावणार नाही, कारण वाटण्याला खरंच ताकद असते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात सहा सायकलपटूंना सांगितलं की, तुम्हाला कधी कॅफीनचा जास्त डोस मिळेल, कधी कमी, कधी नुसतीच बिनऔषधाची गोळी. प्रत्यक्षात कॅफीन कोणालाच, कधीच दिलं नव्हतं. जास्त डोस मिळाला असं वाटलं तेव्हा त्यांची ताकद सरासरी ३.१ टक्के वाढली, कमी मिळाला असं वाटलं तेव्हा १.३ टक्के. आणि बिनऔषधाची गोळी मिळाली असं वाटलं, तेव्हा ती नेहमीपेक्षाही १.४ टक्के खाली गेली. सहा माणसांवरून मोठा निष्कर्ष काढू नये, पण खेळाडू असलेल्या कुणालाही हे वाचून नवल वाटणार नाही. मलाही मुंग्या आल्या त्या दिवशी पाय हलके वाटले होते.

फक्त, विश्वास विकायचा असेल तर त्यासाठी डब्यात निरुपद्रवी काहीतरी असायला हवं. आणि तिथेच घोडं अडतं.

डब्यात प्रथिनं किती आहेत हे ओळखायची एक जुनी रीत आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बीअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये ती काढली. ही रीत प्रथिनं मोजत नाही, नायट्रोजन मोजते. मग नायट्रोजनच्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं की झाली प्रथिनं. आता ज्याला लबाडी करायची आहे, त्याने काय करावं? महाग प्रथिनाऐवजी ग्लायसिन हे एकटं, स्वस्त अमिनो आम्ल घालावं. त्यात नायट्रोजन प्रथिनापेक्षाही जास्त, सुमारे १८.७ टक्के. गुणाकार केला की एक ग्रॅम ग्लायसिन कागदावर १.१७ ग्रॅम प्रथिन होतं. लेबल खोटं ठरत नाही, उलट चाचणीत उत्तम गुणांनी उत्तीर्ण होतं आणि स्नायूंना त्यातून मिळायचं ते मिळत नाही. याच फटीतून २००८ मध्ये चीनमध्ये लहान मुलांच्या दूध पावडरीत मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं औद्योगिक रसायन घातलं गेलं. सहा बाळं दगावली आणि आजारी पडलेल्यांची संख्या तीन लाखांच्या आसपास गेली. फट तीच, घातलेला पदार्थ तेवढा वेगळा.

दुसरी युक्ती म्हणजे 'खास मिश्रण'. लेबलवर दहा नावं आणि शेवटी सगळ्यांचं मिळून एकच वजन. कोणता घटक किती, हे धंद्याचं गुपित. बीटा-ॲलानिन तीन ग्रॅम आहे की चिमूटभर, ग्राहकाला कळायची सोय नाही. ज्या पदार्थाचा परिणाम सर्वस्वी मात्रेवर अवलंबून आहे, त्याची मात्राच लपवायची मुभा!

आणि तिसरी गोष्ट, जी हार्डीच्या वाट्याला आली. जर्मनीतल्या कलोनच्या उत्तेजक चाचणी प्रयोगशाळेने १३ देशांतून ६३४ सप्लिमेंट विकत आणून तपासली. हार्मोनचा उल्लेख नसलेलीच निवडली होती. २००४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: ९४ डब्यांत लेबलवर नसलेले स्टेरॉइडचे पूर्वरूप पदार्थ निघाले. दर सात डब्यांमागे एक. बऱ्याच ठिकाणी प्रमाण इतकं किरकोळ होतं की मुद्दाम घातल्यासारखं वाटू नये. मिक्सरमध्ये आधी एक माल घोटला, तो नीट न धुता दुसरा घोटला, की असं होतं. पण नॅन्ड्रोलोन या स्टेरॉइडच्या कुळातल्या पदार्थाचे पाच मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दोन लाखावा भाग, पोटात गेला तरी नमुना सदोष ठरू शकतो. तेवढ्याने स्नायू वाढत नाहीत. कारकीर्द मात्र संपते.

मग या डब्यांवर लक्ष कोणाचं? जगातल्या सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक असलेल्या अमेरिकेत १९९४ चा कायदा सप्लिमेंटला औषधाऐवजी अन्नाच्या रांगेत बसवतो. विकण्याआधी ते गुणकारी आहे हे सरकारला दाखवावं लागत नाही. बाजारात आल्यावर ते घातक आहे, हे सरकारने सिद्ध करायचं. एफेड्रा या उत्तेजक वनस्पतीच्या गोळ्यांच्या वेळी याची किंमत कळली. तक्रारी १९९० च्या दशकापासून येत होत्या. २००३ च्या फेब्रुवारीत स्टीव्ह बेक्लर हा २३ वर्षांचा बेसबॉल खेळाडू सरावात उष्माघाताने गेला. तो एफेड्राच्या गोळ्या घेत होता. बंदी आली २००४ मध्ये.

उद्योगाची बाजू मी ऐकली आहे आणि ती अगदीच पोकळ नाही. औषधासारख्या चाचण्या मागितल्या तर क्रिएटिनसारखा साधा पदार्थही कोणी विकणार नाही, कारण त्यावर कुणाचा मालकी हक्क नाही आणि खर्च भरून निघणार नाही. मान्य. म्हणून मी औषधासारख्या चाचण्या मागतच नाही. गुणाचा पुरावा राहू द्या, माणसं आपल्या पैशाने आशा विकत घेतात, घेऊ द्या. पण डब्यात जे लिहिलंय ते आहे आणि जे लिहिलं नाही ते नाही, एवढं विकणाऱ्याने विकण्याआधी, बॅचगणिक, तिसऱ्याकडून तपासून दाखवावं आणि तो अहवाल बॅच क्रमांकावर कुणालाही बघता यावा. प्रत्येक घटकाची मात्रा छापावी. भेसळीमुळे खेळाडूवर बंदी आली, तर त्याच्या दाव्याचा खर्च कंपनीने उचलावा. हे अशक्य असतं तर गोष्ट वेगळी. पण 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' किंवा 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' यांसारखी तपासणी आजही होते, काही कंपन्या आपणहून करून घेतात आणि त्यांचा धंदा बुडालेला नाही. जे काही जण खुशीने करतात, ते बाकीच्यांवर सक्तीचं का नाही, याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

क्रीडा संघटनांचा यातला वाटा मात्र चीड आणणारा आहे. खेळाडूंच्या माहितीपत्रकात 'सप्लिमेंट स्वतःच्या जोखमीवर घ्या' म्हणायचं आणि त्याच स्पर्धेच्या कमानीवर सप्लिमेंट कंपनीचा फलक लावायचा. जोखीम कुणाची आणि पैसा कुणाचा, हे यापेक्षा स्वच्छ कुणी लिहू शकणार नाही. मोठ्या संघांकडे आहारतज्ज्ञ असतो, तपासलेला माल असतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांकडे असतो जिममधला दादा आणि मोबाइलवरची जाहिरात. अशा मुलांपैकी कितीतरी जणांची खरी अडचण डब्याने सुटणारी नसते. सरावाच्या मानाने त्यांचं खाणंच कमी पडत असतं. याला २०१४ मध्ये ऑलिंपिक समितीने रीतसर नावही दिलं. हाडं, पाळी, प्रतिकारशक्ती, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. पण 'पोटभर जेव' असं सांगण्यात कुणाला कमिशन नाही.

गेल्या वर्षी माझ्या ओळखीच्या एका मुलीची पहिली मोठी स्पर्धा होती, जिथे नमुने घेतले जाणार होते. तिच्याकडे प्रोटीनचा अर्धा संपलेला डबा होता. मी तिला म्हटलं, तळाचा बॅच क्रमांक वाच आणि कंपनीला विचार, या बॅचची प्रतिबंधित पदार्थांसाठी तपासणी झाली आहे का. तिने व्यवस्थित, आदरपूर्वक ईमेल लिहिलं, डब्याचा फोटो जोडला. चार दिवस काही नाही. तिने डबा माळ्यावर टाकला. पाचव्या दिवशी उत्तर आलं: आमच्या उत्पादनावर विश्वास दाखवल्याबद्दल आभार, आणि खाली पुढच्या खरेदीसाठी सवलतीचा कोड.